ऑटिझम आणि एडीएचडी एकाच मुलात : ठाणे-नवी मुंबईतील पालकांसाठी पायरीपायरीने

सकाळी शाळेचा मोजा घालताना त्याची शिवण बोटांवर आली, तर माझा मुलगा तो काढून फेकतो. दुसरा मोजा हातात असताना खाली रस्त्यावर जेसीबीचा आवाज आला, तर मोजा हातात आहे हे विसरून तो गॅलरीत धावतो. पहिली गोष्ट त्याच्या ऑटिझममुळे होते, ज्यात स्पर्श-आवाज जास्त बोचतात आणि ठरलेला क्रम लागतो, आणि दुसरी एडीएचडीमुळे, ज्यात लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड जाते. या दोन्ही अवस्था एकाच मुलात असतात तेव्हा त्या त्याला विरुद्ध दिशांना ओढतात. एकीला रोज तेच ताट, तोच रस्ता आणि तोच क्रम हवा असतो, तर दुसरीला तेच ते झाले की कंटाळा येतो. पालकांना मिळणारा बहुतेक सल्ला यांपैकी एकीचाच विचार करून दिलेला असतो, त्यामुळे घरी आणल्यावर तो अर्धाच लागू पडतो. निदानानंतरच्या पाच वर्षांत घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरात जे काही टिकले, ते एकाच धोरणावर टिकले : क्रम तोच ठेवायचा आणि त्याचे रूप बदलत राहायचे. पुढच्या सर्व पायऱ्या त्याच धोरणातून आलेल्या आहेत.

नावांचा गोंधळ आधी सोडवावा

अनेक पालकांच्या हातात 'अ‍ॅस्पर्गर' असे लिहिलेली जुनी फाइल असते आणि नव्या डॉक्टरांच्या कागदावर मात्र 'ऑटिझम' लिहिलेले असते, त्यामुळे मुलाची स्थिती बिघडली की काय, अशी धास्ती वाटते. तसे काहीही झालेले नसते. व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी १९४४ मध्ये अशा मुलांचे वर्णन केले. इंग्लंडमधील मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांच्या १९८१ च्या लेखामुळे 'अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम' हे नाव रूढ झाले आणि १९९४ मध्ये ते अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत आले. २०१३ च्या आवृत्तीत ते वगळून 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर' या एकाच निदानात सामावून घेण्यात आले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही तेच धोरण आहे. बोलण्यात उशीर न झालेली आणि बुद्धीने तल्लख असलेली जी मुले पूर्वी अ‍ॅस्पर्गरमध्ये मोजली जात, ती आता याच निदानात येतात. सरकारी अर्जावर लिहायचे नावही हेच आहे.

२०१३ च्या त्याच आवृत्तीने आणखी एक महत्त्वाचा बदल केला. तोवर ऑटिझमचे निदान झालेल्या मुलाला एडीएचडीचे निदानही देण्यास त्या पुस्तिकेचे नियम परवानगी देत नव्हते. आज विशीत असलेल्या ज्या मुलांना लहानपणी एकच निदान मिळाले, त्यांची फेरतपासणी करून घेणे म्हणूनच सार्थ आहे.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन आठवडे वही लिहावी

तज्ज्ञांच्या खोलीत मूल अर्धा-पाऊण तास असते आणि नव्या जागेच्या कुतूहलाने किंवा भीतीने ते त्या वेळी बरेचदा शांतच बसते. खरी माहिती घरी असते. साध्या दोनशेपानी वहीत रोज चार गोष्टी लिहाव्यात : किती वाजले होते, त्याच्या आधी काय चालले होते, मुलाने नेमके काय केले आणि नंतर आपण काय केले. 'खूप त्रास दिला' असे लिहू नये, 'दप्तर फेकले, टेबलाखाली जाऊन बसला, वीस मिनिटांनी बाहेर आला' असे लिहावे. आमच्या वहीत दोन आठवड्यांत अकरा उद्रेक नोंदले गेले आणि त्यांपैकी आठ संध्याकाळी साडेपाच ते सव्वासहा या वेळातले निघाले. शाळेची व्हॅन, पोटातली भूक, वरच्या मजल्यावरचे ड्रिल मशीन आणि दारातून आत येताच 'गृहपाठ काय दिलाय?' हा माझा प्रश्न, हे सगळे त्याच पाऊण तासात येत होते. मुलाला औषध मिळण्याच्या कितीतरी आधी आम्ही तो प्रश्न बंद केला, दाराशीच डब्यात शेंगदाण्याचा लाडू ठेवला आणि उद्रेक निम्म्यावर आले.

वही घेऊन बालविकासतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. त्यापूर्वी कान आणि डोळे तपासून घ्यावेत, कारण नीट ऐकू न येणारे मूलही 'लक्ष देत नाही' असेच दिसते. एडीएचडीचे निदान करताना लक्षणे बारा वर्षांच्या आधीपासून, किमान सहा महिने आणि घर व शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसत आहेत का, हे पाहिले जाते. म्हणून वर्गशिक्षिकेने लिहून दिलेले एक पानही सोबत न्यावे. रक्ततपासणीने किंवा मेंदूच्या स्कॅनने यांपैकी कोणतेही निदान होत नाही, आणि तसे होते असे सांगून पैसे घेणाऱ्यांपासून दूर राहावे.

आपल्या भागात कुठे जावे, हा पुढचा प्रश्न. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत जाणाऱ्या मुलांची तपासणी होते आणि पुढील उपचारांसाठी त्यांना जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. ठाण्यात त्याची चौकशी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये करावी. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय हे महापालिकेचे आहे. ठाण्यात १९९० पासून काम करणारी आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था अनेक मराठी पालकांना परिचित आहे. नवी मुंबईकरांसाठी वाशीला महापालिकेचे दिव्यांग मुलांसाठीचे ईटीसी केंद्र आणि खारघरला बौद्धिक दिव्यांगजनांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. सरकारी ठिकाणी थांबावे लागते, पण तिथल्या कागदाचा पुढे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी उपयोग होतो. थांबण्याच्या काळात घरातले काम सुरू करता येते, त्यासाठी निदानाची वाट पाहण्याची गरज नाही.

सकाळ : उठल्यापासून व्हॅनपर्यंत

घरातले सर्वांत मोठे काम सकाळचे आहे, आणि मी त्यावर सविस्तर लिहिणार आहे, कारण सकाळ बसली की पुढचा दिवस बराचसा बसतो.

प्रथम एक समजून घ्यावे. एडीएचडी असलेल्या मुलाला काय करायचे ते माहीत असते, पण ठरल्या क्षणी ते आठवत नाही. मनाच्या फळ्यावर लिहिलेले लगेच पुसले जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांचा ढोबळ हिशोब असा आहे, की स्वतःला आवरण्या-सावरण्याच्या बाबतीत ही मुले वयाच्या सुमारे तीस टक्के मागे असतात. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाकडून सात वर्षांच्या मुलाइतकीच आवराआवर अपेक्षावी. त्याची गणिते दहाव्या वर्षाची, कदाचित तेराव्या वर्षाचीही असतील, आणि तरीही दप्तर सातव्या वर्षाचे असेल. हे एकदा मान्य केले की 'एवढं कळतं, मग हे का नाही कळत?' हे वाक्य घरातून जाते. आमच्या घरातून ते जायला दोन वर्षे लागली, आणि त्या दोन वर्षांत मुलाने ते किती वेळा ऐकले असेल, याचे मला आजही वाईट वाटते.

जे मनात टिकत नाही ते भिंतीवर लावावे. उठण्यापासून व्हॅनपर्यंतची कामे आठ-नऊच ठेवून त्यांचे फोटो आपल्याच मोबाइलवर काढावेत : त्याचाच ब्रश, त्याचीच बादली, त्याचाच डबा. इंटरनेटवरची कार्टून चित्रे वापरू नयेत, कारण ऑटिझम असलेल्या मुलाला 'तो ब्रश माझा नाही' हे खरोखर अडू शकते. फोटो कपाटाच्या दारावर एका ओळीत लावावेत आणि काम झाले की कपड्यांचा चिमटा पुढच्या फोटोवर सरकवायला द्यावा. कपडे, बूट, दप्तर आणि पाण्याची बाटली रात्रीच दाराशी एका ठरलेल्या जागी ठेवावी. मोजे उलटे करून घातले की शिवण बोटांना लागत नाही. बिनशिवणीचे मोजेही मिळतात. शर्टाच्या कॉलरमागचे लेबल नुसते कापू नये, मुळापासून उसवावे, कारण कापलेला काठ अधिक टोचतो.

असा तक्ता लावला की पहिले दोन आठवडे घर आनंदात असते. तिसऱ्या आठवड्यात मूल त्याच्याकडे बघेनासे होते, आणि बहुतेक पालक इथेच तक्ता काढून टाकतात. आमचाही तसाच गेला असता. पण मुलाला लोकलचे वेड आहे, म्हणून आम्ही तीच कामे त्याच क्रमाने ट्रान्स-हार्बर मार्गावर बसवली. ठाणे म्हणजे अंथरुणातून उठणे, ऐरोली म्हणजे दात, रबाळे म्हणजे अंघोळ, असे करत वाशी म्हणजे व्हॅन. 'आटप, उशीर होतोय' याऐवजी मी 'तुर्भे गेलं का?' असे विचारू लागले. त्याला तो प्रश्न रागावण्यासारखा वाटत नाही, आणि मलाही तो रागाने विचारता येत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये ठाणे आणि ऐरोली यांच्यामध्ये दिघा गाव स्थानक सुरू झाले. त्याच्या हाताने लिहिलेल्या तक्त्यावर आठ स्थानके होती, ती आता चुकीची ठरली, आणि तो त्या संध्याकाळी जेवला नाही. पट्टीने रेघ मारून त्याने सगळा तक्ता पुन्हा लिहिला, 'र'चा काना वाकडा आला म्हणून एकदा फाडला आणि परत लिहिला. दिघ्याला कोणते काम द्यायचे हे मी त्यालाच ठरवू दिले. त्याने 'पाणी पिणे' ठरवले. त्या दिवसापासून बदलाबाबत आम्ही दोन नियम पाळतो : बदल आधी सांगायचा आणि तो शक्यतो त्याच्याच हाताने करवून घ्यायचा. पाहुणे येणार असतील, वर्गात नव्या बाई येणार असतील किंवा व्हॅनवाले काका सुट्टीवर असतील, तर आदल्या संध्याकाळी सांगून ते कालनिर्णयाच्या चौकटीत त्याच्याकडून लिहून घ्यावे.

वेळेचेही असेच आहे. किती वेळ गेला हे या मुलांना आतून जाणवत नाही, त्यामुळे 'अजून पाच मिनिटं' याला त्यांच्या लेखी अर्थ नसतो. काट्यांच्या घड्याळाच्या काचेवर लाल जिलेटीन पेपरचा तुकडा चिकटवावा आणि मोठा काटा लाल भागातून बाहेर आला की खेळ बंद, असे ठरवावे. सूचना एका वेळी एक द्यावी, जवळ जाऊन, नाव घेऊन आणि नेमक्या शब्दांत. 'नीट बस' यात काय करायचे ते सांगितलेले नाही; 'पाय खाली ठेव' यात सांगितलेले आहे.

हट्ट कोणता आणि उद्रेक कोणता

हट्टात मूल आपल्याकडे बघत असते आणि हवी ती वस्तू मिळाली की थांबते. उद्रेकात, ज्याला तज्ज्ञ मेल्टडाऊन म्हणतात, ते कोणाकडेच बघत नसते, आणि वस्तू दिली तरी थांबत नाही, कारण आवाज, उजेड, गर्दी किंवा अचानक बदल यांचा भार त्याच्या सहनशक्तीबाहेर गेलेला असतो. हट्टाला शांतपणे ठाम राहावे. उद्रेकाला शिस्त लावता येत नाही, तो ओसरू द्यावा लागतो.

ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी मूल आडवे पडले, तर काय करावे? आधी बोलणे बंद करावे. आपले प्रत्येक वाक्य त्या क्षणी आणखी एक आवाज असतो. त्याला धोका नसेल तर घट्ट पकडू नये, मात्र लोक आणि मूल यांच्यामध्ये आपण उभे राहावे. मग कडेला, भिंतीशी नेऊन कानांवर आवाज रोखणारे हेडफोन चढवावेत आणि वाट बघावी. लोक थांबतात, सल्ले देतात, 'दोन लावा' असेही म्हणतात. त्यांच्याशी वाद घालण्याचे बळ त्या वेळी नसते, म्हणून मी पर्समध्ये एक लॅमिनेट केलेले कार्ड ठेवते : 'माझ्या मुलाला ऑटिझम आहे. त्याला आवाजाचा त्रास होतोय. कृपया थोडी जागा द्या.' मागच्या बाजूला हेच हिंदीत आहे. कार्ड दाखवल्यावर बहुतेक माणसे मागे सरतात, आणि एकदा एका पोर्टरने हातगाडी आडवी लावून आम्हाला जागा करून दिली होती. घरी आल्यावर त्याच दिवशी जाब विचारू नये. दुसऱ्या दिवशी दोन वाक्यांत बोलावे : काल काय जड गेले, आणि पुढच्या वेळी मला कसे सांगशील?

दहीहंडी, गणपती आणि दिवाळी यांची तयारी आधीच करावी. मंडळाच्या गणपतीला दुपारी जावे, तेव्हा स्पीकर बहुधा बंद असतात आणि मुलाला मूर्ती शांतपणे बघता येते. विसर्जनाच्या रात्री रस्त्याच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत झोपण्याची सोय करावी आणि ढोल सुरू होण्याच्या आधीच हेडफोन द्यावेत, नंतर देऊन फारसा उपयोग होत नाही. जी मुले एकदम धावत सुटतात, त्यांच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला आपला मोबाइल नंबर लिहून ठेवावा आणि सोसायटीच्या वॉचमनला मुलाचा फोटो दाखवून ठेवावा. नवी मुंबईत सेक्टरचे नंबर प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे वाशी, खारघर अशा प्रत्येक भागात, पुन्हा येतात, म्हणून नुसते 'सेक्टर दहा' पाठ करून घेऊ नये, नोडचे नावही जोडून पाठ करून घ्यावे.

शाळेशी बोलताना

पहिल्या शाळेत बाईंनी एकदा वर्गाला 'तोंड मिटून बसा' असे सांगितले. मधल्या सुट्टीतही माझ्या मुलाने तोंडावरचा हात काढला नाही आणि डबा तसाच परत आला. 'आता तोंड उघडा' असे कोणी म्हणाले नव्हते, इतकेच कारण होते. ही गोष्ट सांगायला मी गेले, तेव्हा मला मुलासाठी दुसरी शाळा बघण्याचा सल्ला मिळाला. त्या दिवशी मी फक्त रडून परत आले. आज गेले असते तर सोबत एक पान नेले असते.

ते पान असे असावे : मुलाची दोन बलस्थाने, त्याला जड जाणाऱ्या तीन गोष्टी आणि शाळेकडून हव्या असलेल्या चार गोष्टी. आम्ही मागितलेल्या चार गोष्टी अशा होत्या : दारापासून व खिडकीपासून दूर, पुढच्या बाकावर जागा, गृहपाठ डायरीत उतरवला आहे की नाही यावर बाईंची सही, तासाच्या मध्ये एकदा खडू किंवा हजेरीपुस्तक आणण्याचे निमित्त देऊन वर्गाबाहेर जाऊ देणे, आणि सूचना अर्धवट न सोडता पूर्ण सांगणे. यांपैकी एकालाही पैसे लागत नाहीत, म्हणून शाळा सहसा नकार देत नाही. प्रवेशाच्या मुद्द्यावर अडवणूक झाली, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चा उल्लेख लेखी अर्जात करावा. त्या कायद्यानुसार सरकारी, सरकारी अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे.

परीक्षेतील सवलतींसाठी दहावीची वाट पाहू नये, सातवी-आठवीतच कागद सुरू करावेत. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पात्र दिव्यांग विद्यार्थ्यांना दर तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ आहे. लेखनिक, विषयातील सूट अशा बाबतीत राज्य मंडळ आणि सीबीएसई यांचे नियम वेगवेगळे आहेत, त्यामुळे आपल्या मंडळाचे चालू वर्षाचे परिपत्रक शाळेकडून मागून घ्यावे.

प्रमाणपत्र

२०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. दोन्ही निदाने असतील तर अर्ज ऑटिझमच्या नावाने करावा. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, आधार, फोटो आणि उपचारांचे कागद जोडायचे आणि नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणीला जायचे. तिथे ऑटिझमची तीव्रता मोजणारी आयएसएए ही चाळीस प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरतात. त्या दिवशी वही पुन्हा न्यावी, कारण प्रश्न घरातल्या वागण्याबद्दलच असतात, आणि मूल हुशारीने उत्तरे देते म्हणून आपण अडचणी कमी करून सांगू नयेत. बहुतेक सवलतींसाठी चाळीस टक्के दिव्यांगत्व ही किमान मर्यादा आहे. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही आरोग्य विमा योजना ऑटिझमसाठी वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते.

औषधाविषयी

ऑटिझमचा गाभा बदलणारे औषध नाही. एडीएचडीसाठी औषधे आहेत, आणि मिथाइलफेनिडेट हे त्यांतले दीर्घकाळ वापरात असलेले औषध आहे. सहा वर्षांखालील मुलांसाठी आधी पालकांचे प्रशिक्षण, त्यानंतर औषधाचा विचार, असा क्रम तज्ज्ञ पाळतात. औषधाने भूक कमी होऊ शकते आणि झोप लांबू शकते, म्हणून पोटभर न्याहारीनंतर गोळी द्यावी आणि रात्रीचे जेवण भरपूर ठेवावे. उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब यांची नोंद नियमित करावी. ऑटिझम सोबत असलेल्या मुलांना दुष्परिणाम अधिक जाणवू शकतात, त्यामुळे मात्रा कमीपासून हळूहळू वाढवतात. गोळी स्वतःहून बंद करू नये आणि ती दिल्याबद्दल कोणाची क्षमाही मागू नये. माझ्या सासूबाई आधी नाराज होत्या. पहिल्या महिन्यात नातवाने त्यांच्या शेजारी बसून पूर्ण गोष्ट ऐकली, तेव्हापासून सकाळच्या गोळीची आठवण त्याच करतात.

मोठ्यांमधले एडीएचडी

एडीएचडी मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे. मुलाची प्रश्नावली भरताना त्याचे बाबा मध्येच थांबले आणि म्हणाले, 'हे सगळं माझंच आहे.' वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी त्यांची तपासणी झाली. न भरलेली बिले आणि रिक्षात राहिलेल्या छत्र्या यांवरून आमची वर्षानुवर्षे भांडणे झाली होती. आता त्यांच्यासाठीही भिंतीवर फळा आहे, बिले बँकेतून आपोआप भरली जातात आणि किल्ल्यांना दाराजवळ एकच खिळा आहे. मुलासाठी केलेली व्यवस्था घरातल्या अशा मोठ्या माणसालाही लागू पडते, आणि वडीलच चिमटा सरकवताना दिसले की मुलाला तो कमीपणा वाटत नाही.

दर महिन्याचा पहिला रविवार आम्ही या कामासाठी राखून ठेवला आहे. मुलाची उंची दाराच्या चौकटीवर आणि वजन वहीत लिहायचे, गोळ्या मोजायच्या, कालनिर्णयात पुढच्या महिन्याचे बदल लिहायचे आणि तक्ता जुना वाटू लागला असेल तर त्याचे रूप बदलायचे. लोकलनंतर त्याने ठाण्यातले तलाव निवडले आहेत. उठणे म्हणजे मासुंदा, दात म्हणजे कचराळी आणि अंघोळ म्हणजे उपवन. पाणी पिण्याच्या जागी त्याने अजूनही दिघा गावच ठेवले आहे, आणि आम्ही ते तसेच राहू दिले आहे.